मराठवाड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीचा ईस्टर: पाणी, वेळ आणि पंगत

छत्रपती संभाजीनगरातल्या एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचे झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे) मे महिन्यातल्या बायबल शाळेपर्यंतचे कार्यक्रम कसे असतात, याचं हे परीक्षण. दीडशेच्या आसपास माणसं, वस्तीतला पत्र्याचा हॉल, त्यामुळे नाव-पत्ता इथे देत नाही. जालना, परभणी, नांदेडकडच्या कुणालाही यातलं बरंचसं आपल्या मंडळीत लागू पडेल. मत आधीच सांगून टाकतो: बाप्तिस्म्याची तयारी फार उत्तम, पहाटेची उपासना चांगली, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना वेळेच्या बाबतीत ढिली, आणि जेवण चवीला अव्वल पण वाढपात मागे.

मराठवाड्यातलं जुनं ख्रिस्ती काम मुख्यतः स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनांचं. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल सगळ्यांना ठाऊक आहे. 1970 साली नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली तेव्हा उत्तर भारतातल्या काही बॅप्टिस्ट मंडळ्याही तिच्यात गेल्या. स्वतंत्र राहिलेल्या बॅप्टिस्ट मंडळ्या आपल्याकडे थोड्याच, आणि त्यांत तेलुगू घरांचा भरणा बराच. त्या घरांमधून आंध्रातल्या ओंगोलचं नाव हमखास निघतं, कारण 3 जुलै 1878 या एकाच दिवशी तिथे 2,222 जणांचा नदीत बाप्तिस्मा झाला होता. इथली स्तुतिगीतं मराठी आणि तेलुगू दोन्ही असतात. पहिल्यांदा येणाऱ्याने गोंधळून जाऊ नये, गीताचा क्रमांक दोन्ही भाषांत सांगितला जातो.

इथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. बाळाचं अर्पण होतं, म्हणजे आईवडील त्याला पुढे आणतात आणि मंडळी प्रार्थना करते. पाणी शिंपडण्याची पद्धत नाही. समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल करून, सगळं अंग बुडेल असा बाप्तिस्मा घ्यायचा. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं असं सांगितलं आहे, म्हणून ईस्टरची सकाळ त्यासाठी निवडतात. अडचण एवढीच की मराठवाड्यात हीच पाण्याची सगळ्यात वाईट वेळ. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या शहरातही नळाला पाणी रोज येत नाही. म्हणून या मंडळीचं खरं मोल तिच्या हौदापाशी कळतं.

हौद हॉलच्या मागच्या अंगणात, जमिनीत अर्धा उतरवलेला. आतून सात फूट लांब, चार फूट रुंद, पाणी सव्वातीन फूट. म्हणजे जवळपास 2,600 लिटर. पाच हजार लिटरचा टँकर घेतला तर निम्मं पाणी हौदात आणि उरलेलं हात-पाय धुणं, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहासाठी. टँकर शुक्रवारीच सांगून ठेवतात आणि हौद शनिवारी संध्याकाळी भरतात. दुपारी भरला तर पाणी उन्हाने कोमट होऊन शेवाळाचा वास धरतं, रविवारी पहाटे भरायला घेतला तर टँकरवाल्याच्या वेळेवर सगळी उपासना लटकते. टँकरच्या पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून 15 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, साधारण तीन चहाचे चमचे, एका बादलीत विरघळवून, गाळ तळाशी बसू देऊन वरचं निवळ पाणी हौदात सोडतात. पावडर थेट टाकली तर चुना तळाला बसतो आणि पाय घसरतात. तळाला रबरी जाळीची चटई असते. तिचे कोपरे विटांनी दाबलेले हवेत, नाहीतर ती तरंगते. काही ठिकाणी स्टेजवर ताडपत्रीचा तात्पुरता हौद उभारतात. तो प्रकार टाळावा, कारण भरल्यावर त्याचं वजन अडीच टनांच्या पुढे जातं आणि लाकडी स्टेज तेवढं पेलत नाही.

बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग दीड-दोन महिने आधी सुरू होतो. मंडळीचे पंच प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात. घरच्यांनी आग्रह केला म्हणून आलेल्याला थांबायला सांगतात, आणि हे फार चांगलं करतात. शेवटच्या शनिवारी कोरड्या हौदात तालीम असते. ही तालीमच या मंडळीला इतरांपेक्षा वेगळं काढते. पाळकसाहेब समोर नव्हे, बाजूला उभे राहतात. एक हात घेणाऱ्याच्या दोन खांद्यांमध्ये, दुसरा त्याच्या छातीवर जोडलेल्या हातांवर. घेणाऱ्याने घडी केलेल्या रुमालाने नाक धरायचं, गुडघे वाकवायचे आणि मग मागे टेकायचं. गुडघे ताठ ठेवले की पाय वर उचलले जातात आणि सगळं वजन पाळकसाहेबांच्या कमरेवर येतं. उंचपुरा माणूस ताठ पडला तर दोघेही घसरतात. नुसतं तोंडी सांगून हे अंगवळणी पडत नाही, एकदा करून घ्यावंच लागतं.

कपड्यांची सूचनाही नेमकी असते. साडी नको, ती पाण्यात फुगते आणि पायात गुरफटते. पातळ पांढरं कापड ओलं झालं की अंगाला चिकटून पारदर्शक होतं. महिला मंडळाने जाड मांजरपाटाचे दुहेरी झगे शिवून ठेवले आहेत आणि त्यांच्या घेराच्या दुमडीत शिशाच्या लहान गोळ्या घातल्या आहेत, म्हणजे झगा वर येत नाही. कपडे बदलायला स्त्री-पुरुषांच्या दोन वेगळ्या खोल्या, प्रत्येकीत बादली, पायपुसणं आणि कडी. येताना टॉवेल, कोरडे कपडे आणि ओल्या कपड्यांसाठी एक पिशवी आणायची.

एका गोष्टीबद्दल या मंडळीचं मनापासून कौतुक: हौदाच्या सहा फुटांच्या आत वायरचा माईक नेऊ देत नाहीत. प्रश्न विचारायचे ते दूर उभा असलेला डीकन (मंडळीचा सेवक) लांबच्या माईकवरून विचारतो. ओल्या हाताने माईक धरणं जिवावर बेतू शकतं, आणि अनेक ठिकाणी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळं आटोपल्यावर हौदाचं पाणी पाइपने अंगणातल्या कडुलिंबाला आणि लिंबाच्या झाडांना सोडतात. शेजाऱ्यांच्या घरी चार-चार दिवस पाणी नसतं, त्या वस्तीत हे व्हायलाच हवं.

कुणाला पैठणकडे गोदावरीत बाप्तिस्मा घ्यावासा वाटतो. भावना समजते, पण एप्रिलमध्ये पात्रात गाळ असतो, खोलीचा अंदाज येत नाही आणि धरणातून पाणी सोडलं की पातळी बदलते. जायचंच असेल तर आदल्या दिवशी काठीने खोली मोजावी, पोहता येणारे दोघे पाण्यात उभे करावेत, आणि घेणाऱ्याचं डोकं प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवावं. उलटं ठेवलं तर पाणी सरळ नाकात जातं.

आता बाकीचे दिवस. ईस्टर चांद्र गणिताने ठरतो, त्यामुळे 22 मार्च ते 25 एप्रिल या काळात कधीही येतो. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला होता, 2026 मध्ये 5 एप्रिलला, 2027 मध्ये 28 मार्चला. मराठवाड्यात या महिन्याभराच्या फरकाने ऊन पार बदलतं, म्हणून गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच्या तसं छापू नये.

झावळ्यांच्या रविवारी नारळाच्या झावळ्या इथे कुठून मिळणार? ओढ्याकाठची शिंदी तोडून आणतात. शिंदीच्या देठाला लांब काटे असतात. लेकरांच्या हातात द्यायच्या आधी देठाकडचा वीतभर भाग छाटायलाच हवा, आणि इथे तो छाटलेला असतो. तोडलेल्या झावळ्या ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्या लागतात, नाहीतर कोरड्या हवेत सकाळपर्यंत पानं वळून जातात. मिरवणूक छोटी, साडेसातला निघून आठच्या आत परत. त्याबाहेर त्या दिवशी फारसं काही वेगळं नाही.

उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी बारा ते तीन. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते. हिशेब सोपा आहे: प्रत्येक उद्गाराला पंचवीस मिनिटं, त्यात वाचन, गीत, बारा मिनिटांचा संदेश आणि प्रार्थना. प्रत्यक्षात पहिले तिघे पस्तीस-चाळीस मिनिटं घेतात आणि 'पूर्ण झाले आहे' या सहाव्या उद्गाराला जेमतेम दहा मिनिटं उरतात. हे दर वर्षी घडतं आणि ते टाळता येण्यासारखं आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ लावावं आणि दहाव्या मिनिटाला पंचांपैकी कुणीतरी चिठ्ठी द्यावी. वक्ते बहुतेक पाहुणे असतात, त्यांना थांबवायला संकोच वाटतो. पण शेवटच्या बाकावरच्या आजीबाई सकाळपासून उपाशी आहेत, हेही लक्षात घ्यायला हवं. पत्र्याखाली दुपारी दोनला हवा अक्षरशः भाजते. वर ओलं गोणपाट टाकण्याची सोय यांनी केली आहे, तिने थोडा फरक पडतो. मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी उपास करू नये. बॅप्टिस्टांमध्ये उपासाचा कडक नियम मुळातच नाही. प्यायचं पाणी दारापाशी असतं, मध्ये उठून प्यायला कुणी काही म्हणत नाही.

ईस्टरची पहाटेची उपासना साडेपाचला, गच्चीवर. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उगवतो, वीस तारखेनंतर सहाच्या आसपास. उपासना उगवतीला संपावी असं बांधलेलं असतं, आणि ते छान जमतं. पेटी आणि ढोलकी, स्पीकर नाही. वस्ती झोपलेली असते, याचं भान ठेवतात. गच्चीला कठडा कमी उंचीचा आहे, लहान मुलांना हाताशी धरून बसा. त्यानंतर नाश्ता, मग साडेआठला बाप्तिस्मे, आणि दहाला प्रभुभोजनासह मुख्य उपासना.

प्रभुभोजनाला भाकर म्हणून बिनखमिराची पोळी आणि द्राक्षाचा रस. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षं बाजारात भरपूर असतात, त्यामुळे रस घरीच काढतात. दीडशे जणांना प्रत्येकी पंधरा मिलिलिटर धरले तर सव्वादोन लिटर रस लागतो, त्याला साडेतीन किलो काळी द्राक्षं पुरतात. द्राक्षं कुस्करून, मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवून गाळतात. न तापवता शनिवारी रात्री भरून ठेवलेला रस सकाळी फेसाळतो, कारण सालीवरचं खमीर या उकाड्यात रात्रीतून काम सुरू करतं. मिक्सरमधून काढू नये, बिया फुटल्या की रस कडवट होतो. पाहुण्यांसाठी एक सूचना: इथे बाप्तिस्मा घेतलेल्या विश्वासणाऱ्यांनीच सहभागी व्हावं असं पाळकसाहेब आधी स्पष्ट सांगतात. ट्रे आला की शांतपणे पुढे द्यावा, कुणी वळून पाहत नाही.

नाश्त्याला सुशीला, म्हणजे अस्सल मराठवाडी बेत. दीडशे जणांना सहा किलो चुरमुरे आणि दीड किलो डाळव्याचं कूट. चुरमुरे एकदम भिजवले तर लगदा होतो. परातीत थोडे-थोडे बुडवून लगेच पिळून काढायचे, फोडणीत टाकल्यावर फार हलवायचं नाही. इथल्या बायकांचा हात यात पक्का बसलेला आहे.

दुपारचं प्रीतिभोजन म्हणजे चिकन बिर्याणी, शाकाहारींसाठी येसर आमटी आणि भात, शिवाय मठ्ठा. पंधरा किलो तांदूळ, बावीस किलो चिकन, दहा किलो दह्याचा तीस लिटर मठ्ठा. चवीत काही काढायला जागा नाही. येसर घरचं, धण्याचा वास वेगळा कळतो. पण वाढायला एकच रांग, आणि तीही उन्हात. म्हातारी माणसं मागे राहतात. दोन टेबलं लावून दोन्ही बाजूंनी रांग केली तर वेळ निम्म्यावर येईल, आणि साठीच्या पुढच्यांना बसल्या जागी ताट द्यावं. हे तरुण संघाकडे सोपवता येण्यासारखं काम आहे. बिर्याणीचं पातेलं उघडून अडीच-तीन तास ठेवतात, तेही बरं नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात दोन तासांच्या आत वाढप संपायलाच हवं.

मे महिन्यातली सुट्टीतील बायबल शाळा पाच दिवसांची, सकाळी आठ ते साडेदहा. शाळांच्या परीक्षा संपल्याशिवाय ठेवत नाहीत, त्यामुळे हजेरी चांगली. पाच ते सात, आठ ते दहा आणि अकरा ते चौदा असे तीन गट. प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं, एकटं कुणीच नाही. फॉर्मवर मुलाला काय खायला चालत नाही ते विचारतात आणि घरी न्यायला कोण येणार त्याचं नाव लिहून घेतात. सुवर्णवचन पाठ करायचा आग्रह आहे, पण बक्षिसाची चढाओढ नाही. हस्तकलेचं सामान कमी पडतं. शक्य असेल त्या पालकांनी पहिल्याच दिवशी कात्री आणि रंगपेटी सोबत पाठवावी. ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही येतात. त्यांच्या पालकांना आदल्या रविवारी बोलावून पाच दिवसांत काय शिकवणार ते दाखवतात. नोंदणी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर, हॉलच्या दाराशीच. दुचाक्या समोरच्या गल्लीत न लावता शाळेच्या मैदानाकडे लावा, टँकर त्याच गल्लीतून येतो.