दुखणं थांबल्यावरही सोडू नये अशी फिजिओथेरपी: माझे बारा आठवडे

मी शिवणकाम करते. गेली 19 वर्षं दिवसाचे सात-आठ तास एकतर मशीनवर वाकून जातात, नाहीतर उभ्याने कापड बेतण्यात. कंबर चार वर्षांपासून दुखत होती. आधी वर्षातून एकदा उसण भरायची, मग तीन-चार महिन्यांनी, मग महिना सुखाचा जाईना. दर वेळी आठवडाभर विश्रांती, गोळ्या, शेक, दहा दिवस करंट. दुखणं थांबलं की मी पुन्हा मशीनवर. शेवटच्या खेपेला जमिनीवरची टाचणी उचलायला वाकले आणि तशीच अडकले. त्यानंतर या फिजिओथेरपी केंद्रात जायला लागले.

पहिल्या दिवशी करंटचं मशीन लावलंच नाही. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पाऊण तास नुसती चौकशी केली. पायाला मुंग्या येतात का, पायातली ताकद कमी झालीय का, लघवीवरचा ताबा सुटलाय का, मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो का. यातलं काही असतं तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं, म्हणाल्या. मग एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मणक्यांमधल्या चकतीची झीज मला तोंडपाठ होती, पण अशी झीज काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांत दिसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमचं बोट मणक्याच्या मागे गेलं. "हे काळं दिसतंय ते मांस. आणि यातल्या पांढऱ्या रेघा म्हणजे चरबी. ताई, तुमचं कुठल्या बाजूला जास्त दुखतं?" डावीकडे. पांढऱ्या रेघाही डावीकडेच जास्त होत्या, अगदी तळाच्या दोन मणक्यांपाशी.

त्या स्नायूचं नाव मल्टिफिडस. पाठीवर हात फिरवला की लागतात ते लांब, जाड स्नायू वेगळे. हा त्यांच्या आत, थेट मणक्यांना चिकटलेला. याचे आखूड आखूड पट्टे दोन-चार मणके ओलांडून एकमेकांना बांधतात. मला ते लगेच पटलं. कापडाचे दोन थर सरकू नयेत म्हणून आपण जवळजवळ टाके घालतो, ते सैल झाले की वरची शिलाई कितीही पक्की असो, कापड सरकतंच. दुखण्यामुळे स्नायू सुकला की स्नायू सुकल्यामुळे दुखलं, हेही मी विचारलं. मॅडमनी सरळ सांगितलं की दोन्ही बाजूंनी होतं. दुखलं की शरीर त्या स्नायूला काम देणं टाळतं, काम नाही म्हणून तो बारीक होतो, आणि मग मणक्यांचा आधार कमी पडतो. पांढऱ्या रेघा पुसून टाकीन असं वचन त्यांनी दिलं नाही. जो स्नायू उरलाय तो कामाला लावू, म्हणाल्या. मला हा खरेपणा आवडला.

पहिले दोन आठवडे व्यायाम बघणाऱ्याला वाटावं काहीच चाललेलं नाही. मी उपडी झोपायची आणि मॅडम मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवायच्या. "कंबर हलवू नका, श्वास धरू नका, फक्त माझ्या अंगठ्याखाली हळूच फुगवा." उजवीकडे फुगायचं, डावीकडे काहीच नाही. पाचव्या खेपेला डावीकडे जरासं काही उचललं गेलं, आणि मला ते आतून कळलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चार वर्षं ती जागा मला फक्त दुखण्यामुळे माहीत होती.

मग हात-गुडघे टेकून उजवा हात पुढे, डावा पाय मागे. कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरणं. नंतर वजन हातात घेऊन वाकणं. पाचव्या आठवड्यात दुखणं जवळपास थांबलं, आणि नेहमीप्रमाणे मी म्हटलं, आता बास. त्या दिवशी मॅडमनी मला बसवून घेतलं आणि एक अभ्यास सांगितला. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपी संशोधक ज्युली हाइड्स यांनी 1996 साली पहिल्यांदाच कंबर धरलेल्या 39 जणांचा अभ्यास छापला होता. दुखणं बहुतेकांचं चार आठवड्यांत गेलं, पण ज्यांनी या स्नायूचे व्यायाम केले नाहीत त्यांचा स्नायू दहा आठवड्यांनीही पूर्ववत झाला नव्हता. वर्षभरात पुन्हा दुखणाऱ्यांचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत 84 टक्के आणि करणाऱ्यांत 30 टक्के निघालं. माणसं थोडी होती, हेही मॅडमनीच सांगितलं. पण माझी चारही वर्षं मला त्या आकड्यांत दिसली. दर वेळी मी दुखणं संपलं म्हणून थांबले होते, स्नायू तिथेच पडून होता.

सुरुवातीला त्यांनी एक चाचणी घेतली होती. टेबलावर उपडं झोपायचं, पाय पट्ट्यांनी बांधायचे, कमरेपासून वरचं अंग टेबलाबाहेर आडवं, सरळ धरून ठेवायचं. मी 38 सेकंदांत खाली आले होते. बाराव्या आठवड्यात 1 मिनिट 51 सेकंद. आता पाऊण तास मशीनवर बसून उठताना टेबलाचा आधार लागत नाही. दिवसभर बांधत होते तो कमरेचा पट्टाही हळूहळू सुटला. आता फक्त कापडाचे गठ्ठे उचलायच्या दिवशी बांधते.

तक्रारीही आहेत. संध्याकाळी एका मॅडमकडे चार-चार पेशंट असतात, तेव्हा अंगठा ठेवून तपासणं होत नाही आणि चुकीचा व्यायाम चुकीचाच चालू राहतो. माझा एक आठवडा असाच गेला: पाय मागे नेताना कंबर खोल जात होती, कोणी पाहिलं नाही, दोन दिवस दुखलं. सकाळची वेळ मिळाली तरच जा. आणि घरी करायच्या व्यायामांचा कागद फारच पुसट आहे. चित्रातला कोणता हात नि कोणता पाय हे कळत नाही. मी माझ्या कागदावर लाल दोऱ्याने खुणा शिवून घेतल्या आहेत. मॅडम, हा कागद नव्याने काढा, चित्रं मोठी करा, आणि दुखणं थांबल्यावर किती आठवडे चालू ठेवायचं ते सगळ्यात वर ठळक लिहा.