बीबीसी मायक्रो मॉडेल बी : पावसाळा ते उन्हाळा, दुरुस्तीसकट वापराचा अनुभव

नुसतं शोकेसमध्ये ठेवायला घेणार असाल तर हे मशीन घेऊ नका. जड आहे, जागा खातं, आणि चाळीस वर्षांत पिवळं पडलेलं प्लास्टिक कितीही घासलं तरी फोटोत दिसतं तसं दिसत नाही. पण हातात सोल्डरिंग आयर्न धरायची सवय असेल आणि जुनं मशीन उघडून, समजून घेऊन, रोज वापरायचं असेल, तर ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरांत मी याला पहिला नंबर देईन. याचं कारण आतली बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा नाही, कीबोर्डही नाही. बिघडल्यावर कुठे दुखतंय ते हे मशीन बऱ्यापैकी स्वतःच सांगतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी हे १९८१च्या शेवटी बाजारात आणलं. ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर, मॉडेल बी मध्ये ३२ केबी रॅम. आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून हीच मशीन शाळांमध्ये आली. पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने याचीच भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ नावाने काढली. त्यामुळे आज पंचेचाळिशी-पन्नाशीत असलेल्या काही जणांनी शाळेच्या कुलूपबंद कॉम्प्युटर रूममध्ये, बूट बाहेर काढून, याच कीबोर्डला हात लावलेला असेल.

माझं मशीन मात्र इंग्लंडहून आलं. भाचा सुट्टीवर येताना घेऊन आला. विकणाऱ्याने ‘टेस्टेड, वर्किंग’ लिहिलं होतं. जुन्या मशीनच्या जाहिरातीत या दोन शब्दांचा अर्थ ‘वायर लावली तेव्हा दिवा लागला’ एवढाच धरायचा.

पहिलं काम पॉवर सप्लायचं, आणि तेही प्लग लावायच्या आधी. आत मेन्सच्या बाजूला एक्स२ प्रकारचे, म्हणजे थेट मेन्सवर लावायला बनवलेले, फिल्टर कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक कवचाचे. वर्षानुवर्षांत त्या कवचाला केसासारखे तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी खोलीभर धूर होतो. हा या मशीनचा इतका ठरलेला आजार आहे की ‘अजून चालतोय ना’ म्हणून ते कपॅसिटर तसेच ठेवणं मला पटत नाही, आपल्या पावसाळ्यात तर नाहीच. माझ्या सप्लायमध्ये दोन्हींना तडे होते. नवे एक्स२ कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लीत वडापावच्या किमतीत मिळाले. मात्र ‘एक्स२’ म्हणूनच मागा; साधा पॉलिएस्टर कपॅसिटर तिथे चालत नाही. आणि सप्लाय उघडताना हे विसरू नका की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सवातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. प्लग काढून थांबा, मीटरने मोजा, मगच हात घाला.

यानंतर मशीन सुरू केलं तर कधी कचरा अक्षरं, कधी निम्म्यात लटकणं, कधी काहीच नाही. बरेच जण या टप्प्यावर चिपा बदलत सुटतात. त्याआधी व्होल्टेज मोजा, आणि तेही योग्य जागी. सप्लायपासून बोर्डापर्यंत सात वायरी येतात: तीन लाल, म्हणजे +५ व्होल्टच्या, तीन काळ्या, म्हणजे शून्याच्या, आणि एक जांभळी, −५ व्होल्टची. सगळ्या चपट्या स्पेड कनेक्टरने खोचलेल्या. माझ्याकडे सप्लायच्या तोंडाशी ५.०५ व्होल्ट होते आणि बोर्डाच्या पार टोकाच्या चिपवर ४.६८. या मशीनमधल्या टीटीएल प्रकारच्या लॉजिक चिपांना किमान ४.७५ लागतात. मधले ०.३७ व्होल्ट काळवंडलेल्या स्पेडमध्ये आणि सैल पडलेल्या पकडीत जात होते. बोर्डावरच्या पात्या बारीक पॉलिश पेपरने पुसल्या, कनेक्टर पकडीने हलके आवळले, आणि तीच चिप ४.९७ दाखवू लागली. लटकणं थांबलं. फुकटातली दुरुस्ती.

आता आवाजाचं. धडधाकट मशीन सुरू करताना ‘बूऽऽ-पिप’ असं करतं. पहिला खालचा ‘बू’ साउंड चिपचा आपला आपण निघतो. प्रोसेसर जागा झाला, रॉममधली ऑपरेटिंग सिस्टीम चालू लागली की ती साउंड चिपला गप्प करते आणि मग वरचा ‘पिप’ वाजवते. त्यामुळे ‘बू’ चालूच राहिला तर प्रोसेसरपर्यंत काहीतरी पोचत नाहीये, हे पडदा न लावताही कळतं. मग क्रम ठरलेला: ६५०२च्या ४० नंबरच्या पिनवर रिसेट सुटतोय का, ३७ वर क्लॉक येतोय का, ७ नंबरवर, म्हणजे सिंकवर, पल्स दिसतात का. सिंक हलतोय म्हणजे प्रोसेसर निदान हुकूम उचलतोय. याला ऑसिलोस्कोप लागत नाही, साधा लॉजिक प्रोब, म्हणजे पिनवर शून्य, एक की पल्स आहे ते दिव्याने दाखवणारी पेन, पुरतो. दिव्यांचंही तसंच. कीबोर्डवर तीन एलईडी आहेत, आणि सगळं ठीक असेल तर सुरू झाल्यावर फक्त कॅप्स लॉकचा लागलेला राहतो.

माझ्याकडे ‘बूऽऽ-पिप’ नीट झालं आणि कॅप्स लॉकही लागला. म्हणजे प्रोसेसर, रॉम आणि खालची मेमरी शाबूत. पण पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ या ओळीचं भजं झालं होतं. ‘बी’च्या जागी @, ‘सी’च्या जागी ‘ए’, ‘ओ’च्या जागी ‘एम’, ‘आर’च्या जागी ‘पी’. ३२चे १० झाले होते आणि ‘के’चा ‘आय’. प्रॉम्प्टचा > उलटा होऊन < झाला होता. मात्र ‘एम’, ‘पी’, ‘यू’, ‘टी’, ‘ई’ जागच्या जागी.

वहीत अक्षरं आणि त्यांचे आस्की आकडे (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा) समोरासमोर लिहिले. ‘बी’ ६६, @ ६४. ‘सी’ ६७, ‘ए’ ६५. लहान ‘ओ’ १११, ‘एम’ १०९. ‘के’ ७५, ‘आय’ ७३. प्रत्येक ठिकाणी फरक दोनचा, आणि जी अक्षरं शाबूत राहिली त्यांच्या आकड्यात दोनचा बिट मुळात नाहीच. म्हणजे आठ डेटा लाइनींपैकी बिट १ (मोजणी शून्यापासून, म्हणून दोनच्या किमतीचा) कायम शून्य. टेलिटेक्स्टच्या, म्हणजे टीव्हीवरच्या मजकूरसेवेच्या धर्तीच्या, मोड ७ मध्ये पडद्याची अक्षरं मेमरीत हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेल्या) ७सी०० या पत्त्यापासून एकेका बाइटमध्ये बसतात, म्हणून तर दुखणं इतकं स्वच्छ वाचता येतं.

पण एवढ्यावर रॅमला दोषी धरता येत नाही. मेमरीत बरोबर बाइट असून टेलिटेक्स्ट चिपकडे जाणाऱ्या वाटेवर बिट गळत असेल, तरी पडदा असाच दिसेल. त्यासाठी पडद्यावर अवलंबून नसलेली परीक्षा हवी, आणि ती आवाजाने करता येते. आधी बेसिकची हायमेम ही मर्यादा हेक्स ३०००वर आणली, म्हणजे बेसिक स्वतःची आकडेमोड खालच्या, निरोगी १६ केबीत करेल. मग हेक्स ७००० या पत्त्यावर २ लिहायचे, परत वाचायचे, आणि २ आले नाहीत तर बीप कर, एवढा हुकूम एका ओळीत दिला. टाइप करताना पडद्यावर भलतंच उमटतं, तिकडे बघू नका. ओळ खालच्या मेमरीत बरोबर साठत असते. एंटर दाबलं, बीप आला. २च्या जागी १ घेऊन तेच केलं, शांत. म्हणजे पडद्याची वाट निर्दोष, वरच्या १६ केबीतल्या बिट १ची चिप गेलेली.

या मशीनमध्ये सोळा रॅम चिपा, आठ-आठच्या दोन बँका, प्रत्येक चिप एका बिटाची. त्यामुळे बँक आणि बिट कळला की चिप कळली. आराखड्यात बोट ठेवायचं. संपूर्ण सर्किट आराखडा आणि सर्व्हिस मॅन्युअल नेटवर सहज मिळतं. आजचा लॅपटॉप उघडून बसलेल्या कारागिराला विचारा, हे सुख त्याला मिळतं का.

चिप मात्र आपल्याकडे बाजारात मिळाली नाही, इंग्लंडहूनच मागवली. ही ४८१६ प्रकारची, एकाच ५ व्होल्टवर चालणारी. दुकानदार ‘हीपण १६के बाय १च आहे’ म्हणून ४११६ पुढे करतात. ती घेऊ नका, तिला +१२ आणि −५ही लागतात. जुनी चिप सोल्डर केलेली होती. ती अख्खी उपटायचा हट्ट धरू नका. पाय अंगालगत कापायचे, मग एकेक पाय आयर्नने तापवून चिमट्याने उचलायचा, भोकं पंपाने मोकळी करायची. चिप तशीही मेलेलीच असते, बोर्डावरचे ट्रॅक जिवंत राहिले पाहिजेत. तिथे सॉकेट बसवलं, नवी चिप खोचली, आणि ‘३२के’ ३२च दिसलं.

त्यानंतर मशीन जवळजवळ रोज चालू आहे. पावसाळ्यात एकदोनदा सकाळी ‘बू’ थांबेना. दोन्ही वेळा रॉमच्या चिपा सॉकेटमधून किंचित वर आलेल्या. अंगठ्याने दाबल्या की काम झालं. शेवटी सगळ्या सॉकेटांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तेव्हापासून तक्रार नाही. व्हिडिओचा यूएलए, म्हणजे चित्र तयार करणारी खास चिप, चांगलाच तापतो, म्हणून मशीनवर मॉनिटर ठेवत नाही, जुन्या फोटोंत कितीही छान दिसत असलं तरी. कीबोर्ड जड हाताचा आणि मजेदार आहे. दोन-तीन कळा अडखळत होत्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर सुटल्या.

पडद्याने जरा छळलं. कंपोझिटच्या बीएनसी सॉकेटमधून मुळात कृष्णधवलच चित्र येतं, रंगासाठी बोर्डावरची लिंक जोडावी लागते, आणि तरीही ८० अक्षरांच्या मोडमध्ये डोळे दुखतात. आरजीबी सॉकेटमधून चित्र काचेसारखं स्वच्छ येतं, पण तो सिग्नल १५.६२५ किलोहर्ट्झचा, आजचे बहुतेक मॉनिटर तो घेत नाहीत. एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यावा लागला, आणि या सगळ्या खटाटोपात मशीनखालोखाल सर्वांत महाग वस्तू तीच ठरली. कॅसेटच्या नादी मी लागलो नाही. यूजर पोर्टला मेमरी कार्डाचं छोटं बोर्ड लावलंय. कॅसेट लोड होताना ऐकण्यात गंमत आहे असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा खुशाल ऐकावी.

बेसिकमध्ये प्रोसीजर आहेत आणि प्रोग्रामच्या मधोमध ६५०२ची असेंब्ली लिहिता येते. संध्याकाळी अर्धा तास काहीबाही लिहितो, ॲनालॉग पोर्टला लावलेल्या सेन्सरने गच्चीवरचं तापमान नोंदतो. यापेक्षा उपयुक्त असं काही करत नाही, करायचा विचारही नाही.

घेणार असाल तर विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: सुरू होतानाचा आवाज ऐकू येईल असा व्हिडिओ, पहिल्या ओळीचा जवळून फोटो, आणि सप्लाय उघडून आतल्या कपॅसिटरचा फोटो. तिसरी गोष्ट बहुतेक जण देत नाहीत, तेव्हा कपॅसिटर बदलायचेच आहेत असं धरून भाव करा. पहिल्या ओळीत अक्षरं चुकलेली दिसली तर माघार घेऊ नका. ‘डेड’ म्हणून निम्म्या किमतीत मिळत असेल तर कागद-पेन्सिल काढा आणि आधी वजाबाकी करून बघा.