रोमन नाणी ओळखायला शिकताना: आधी सेस्टर्शियस की कॉन्स्टंटाइनच्या काळातली छोटी नाणी?

रोमन सम्राटांची तांब्या-पितळेची नाणी ओळखायला शिकायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक ऑगस्टसपासून तिसऱ्या शतकापर्यंतच्या मोठ्या नाण्यांची: सेस्टर्शियस, डुपॉन्डियस, आस. दुसरी चौथ्या शतकातल्या, सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या नखाएवढ्या नाण्यांची. माझं मत आधीच सांगतो: वाचनाचा हात बसवायचा असेल तर दुसरी वाट धरा.

मोठ्या नाण्यांचं आकर्षण मला पूर्ण मान्य आहे. सेस्टर्शियस साधारण 25 ग्रॅमचं, तळहातावर वजन जाणवतं. शिवाय चेहरे बोलके. नीरोची जाड मान, व्हेस्पेशियनचं टक्कल, हेड्रियनची दाढी. नाण्यावरची अक्षरं झिजली तरी सम्राट ओळखू येतो. मागच्या बाजूला बहुधा 'एस' आणि 'सी' ही अक्षरं असतात, म्हणजे 'सिनेटच्या ठरावाने'. खरी पंचाईत होते ती डुपॉन्डियस आणि आस यांच्यात. आकार जवळपास सारखाच. पहिलं पितळेचं, दुसरं तांब्याचं. पण हिरव्या-काळ्या थराखाली धातूचा रंग दिसत नाही. तेव्हा डोक्याकडे बघायचं. नीरोच्या काळापासून साधारणपणे किरणांचा मुकुट म्हणजे डुपॉन्डियस आणि पानांचा म्हणजे आस. रंग बघण्यासाठी थर मात्र कधीही खरवडू नका, नाणं कायमचं बिघडतं.

चांगलं सेस्टर्शियस महाग असतं आणि त्याच्या नकला जुन्या आहेत. सोळाव्या शतकात इटलीतल्या पाडुआच्या जोव्हानी काव्हिनोने केलेल्या प्रतिकृती आजही बाजारात फिरतात.

छोट्या नाण्यांवर चेहऱ्याचा उपयोग नाही, सगळे सारखेच दिसतात. अक्षरं वाचावीच लागतात, आणि शिकणाऱ्याचा फायदा नेमका इथेच आहे. कॉन्स्टंटाइन आणि त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस यांच्या लॅटिन नावांतली पहिली नऊ अक्षरं एकच. दहावं अक्षर 'एन' असेल तर कॉन्स्टंटाइन, 'व्ही' असेल तर कॉन्स्टंटियस. कॉन्स्टंटाइन हे नाव बापाचं आणि आणखी एका मुलाचंही, म्हणून पुढची अक्षरं बघायची. 330 ते 337 या काळात 'मॅक्स' (महान) आणि 'ऑग' (ऑगस्टस, म्हणजे सम्राट) ही अक्षरं बापाची, 'नोब सी' (सीझर, म्हणजे कनिष्ठ सहशासक) मुलाची.

मागच्या बाजूला 'ग्लोरिया एक्झर्सितस', म्हणजे 'सैन्याचा गौरव', असेल तर दोन सैनिकांमधली निशाणं मोजा. दोन असतील तर नाणं 330 नंतरचं. 335 च्या सुमारास नाणं हलकं झालं आणि निशाण एकच राहिलं. तळाशी टांकसाळीची खूण: 'एस आय एस' म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक, 'एस एम ए एन' म्हणजे अँटिऑक, आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. नाव, निशाणं आणि खूण हाती आली की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या मोफत ऑनलाइन सूचीत शोध घ्या. पहिल्या वाटेलाही हीच सूची चालते.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. भारतात सापडलेली सुरुवातीची रोमन नाणी प्रामुख्याने सोन्या-चांदीची, पण चौथ्या शतकापासूनची छोटी नाणी तामिळनाडूत करूर-मदुराईकडे मिळाली आहेत. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, हे खरेदीआधी लक्षात घ्या.

एकच नाणं जवळ ठेवायचं असेल आणि ओढ चेहऱ्याचीच असेल, तर झिजलेल्या सेस्टर्शियसवर पैसे घालण्यापेक्षा हेड्रियनचं स्वच्छ अक्षरांचं आस घ्या.