किबुत्झवरचं उल्पान, गारिन त्साबार की अश्दोदचे नातेवाईक: आलिया करणाऱ्या आपल्या मुलांनी सुरुवात कुठून करावी

ठाण्याच्या एका मुलीचा गेल्या आठवड्यात फोन आला, आपल्यासारखीच बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, वय २१, बीकॉम झालेली, घरी सगळे अजून तिथेच आहेत आणि ही एकटी आलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून कायमची राहायला, इकडे इस्रायलला यायचं म्हणतेय. "मावशी, मी थेट अश्दोदला मामाकडे येऊ का किबुत्झवर जाऊ? आणि तो आर्मीवाला ग्रुप असतो ना, तो कसा असतो?" तासभर बोललो तरी तिचे प्रश्न संपेनात, आणि दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. मी स्वतः २२ व्या वर्षी किबुत्झवर उल्पान केलं, माझा चुलत भाऊ त्याच वर्षी थेट अश्दोदला आत्याकडे उतरला, आणि मावशीचा नातू नंतर गारिन त्साबारमधून गेला, त्यामुळे तिन्ही घरातच बघितलंय.

आधी थोडक्यात. किबुत्झ म्हणजे सगळ्यांनी मिळून चालवायची वसाहत, उल्पान म्हणजे हिब्रूचा वर्ग. किबुत्झ उल्पान म्हणजे साधारण पाच महिने किबुत्झवर राहायचं, हिब्रू शिकायची आणि राहण्याजेवणाच्या बदल्यात काम करायचं. काही ठिकाणी एक दिवस वर्ग आणि एक दिवस काम, काही ठिकाणी अर्धा अर्धा दिवस. वय साधारण १८ ते २८. गारिन त्साबार म्हणजे तरुण मुलामुलींचा एक ग्रुप, त्याला एक किबुत्झ आपलं म्हणतं, सुरुवातीचे काही महिने तयारी आणि मग सगळे सैन्यात, सुट्टीला घरी यायचं ते त्याच किबुत्झवर. हा कार्यक्रम इस्रायली स्काउट्स १९९१ पासून चालवतात. आणि तिसरा रस्ता आपल्या बहुतेकांचा, म्हणजे अश्दोद, दिमोना, लोद, बेरशेबा इथे नात्यातल्या कुणाकडे उतरायचं आणि जवळच्या शहरी उल्पानला जायचं.

आता भाषेचं बोलू, कारण बाकी सगळं तिच्यावरच अटकतं. माझा भाऊ आत्याकडे सुखात राहिला, रोज मच्छीभात, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सगळं कुटुंब, शेजारी पण रेवदंड्याचे, वाचायला इथल्या मराठी 'मायबोली' नियतकालिकाचे अंक. पण दोन वर्षांनी सुद्धा बँकेत जाताना आत्येबहिणीला सोबत नेत होता. सकाळी वर्गात चार तास हिब्रू आणि मग उरलेला अख्खा दिवस मराठी, कसं येणार हो? त्यात त्याची चूक नव्हती, आत्याच्या प्रेमाची पण नव्हती, घरच तसं होतं.

पण किबुत्झवर गेलं की हिब्रू आपोआप येते असं समजू नका. तिथे मला पहिले दोन महिने डायनिंग हॉलच्या भांडी धुवायच्या मशीनवर टाकलं होतं. मशीनचा आवाज एवढा की कुणी कुणाशी बोलत नाही, बोललं तरी ते ट्रे, चमचा, लवकर, एवढंच, आणि वर्गातल्या मुली आपसात रशियन नाहीतर स्पॅनिश बोलायच्या, माझ्याशी इंग्लिश. रात्री खोलीवर येऊन रडायचे, आईला फोनवर सांगायचे मस्त चाललंय. मग एका शिक्षिकेने सांगितलं की कामाची वाटणी जो करतो त्याच्याकडे जा आणि बदली माग, लाजू नकोस, इथे न मागता कुणी देत नाही. गेले, मागितली, तर बालवाडीत पाठवलं. तीन वर्षांची पोरं तुमची चूक पोटात ठेवत नाहीत, चुकीचा शब्द बोललात की दहा वेळा दुरुस्त करतात, वर हसतात. तीन महिन्यांत मी बोलायला लागले. म्हणून मी सगळ्यांना सांगते, किबुत्झ कुठलं यापेक्षा काम कुठलं हे बघा. बालवाडी, वृद्धांची देखभाल, किचनमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली, ही कामं बोलायला लावतात. गोठा आणि बाग यांचं असं की सोबत कोण आहे त्यावर सगळं, पहाटे गाई पिळताना एखादा म्हातारा सदस्य भेटला तर अख्खी भाषा शिकवेल. फॅक्टरीची लाइन मात्र शक्यतो टाळा. आता बऱ्याच किबुत्झांचं पोट शेतीपेक्षा कारखान्यावर जास्त चालतं, मागान मिखाएलची प्लास्टिकच्या पाइप-फिटिंगची फॅक्टरी तर जगभर माल पाठवते, त्यामुळे नव्या पोरांना तिथे उभं करायची शक्यता असतेच.

गारिन त्साबारमध्ये भाषेचं अजून वेगळं. तो मुळात इस्रायली पालकांच्या परदेशात वाढलेल्या मुलांसाठी सुरू झाला, आणि आजही त्यात अमेरिकेची पोरं भरपूर, म्हणजे ग्रुपची भाषा इंग्लिशच. खरी हिब्रू सैन्यात गेल्यावर येते, ती मात्र पक्की येते.

स्वागताचं म्हणाल तर ही रीत जुनी आहे. रेखा फ्रायर नावाच्या बाईने बर्लिनमध्ये १९३२-३३ च्या सुमाराला ज्यू पोरांना तिकडून बाहेर काढायचं काम सुरू केलं, हेन्रिएटा सोल्डने इकडची बाजू सांभाळली, आणि १९३४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या मुलांचा पहिला गट एन हरोद किबुत्झवर पोचला. अर्धा दिवस शिक्षण, अर्धा दिवस काम, आणि ग्रुप फोडायचा नाही, हे सगळं तेव्हापासूनचं. आईबाप मागे राहिलेल्या पोरांसाठी ते बसवलं होतं, म्हणून एकट्या येणाऱ्याला ते आजही लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जोडून दिलेलं कुटुंब. किबुत्झवरचं एखादं घर तुम्हाला आपलं मानतं, शुक्रवारी रात्री जेवायला बोलावतं, आजारी पडलात तर सूप घेऊन येतं. माझी तिकडची आई अजून माझी आई आहे, तिला मी मलिदा, आपला पोह्यांचा प्रसाद, करून खायला घातला होता, पोहे अश्दोदहून भावाने पाठवले होते, आणि एलियाहू हन्नावी या प्रेषिताचं नाव घेऊन ताट पुढे ठेवल्यावर ती एकदम गप्प झाली, म्हणाली तुमच्याकडे हे किती जुनं आहे. पण सगळीकडे असं कुटुंब मिळतंच असं नाही, उल्पानमध्ये कधी मिळतं कधी नाही, गारिनमध्ये मात्र ते ठरलेलंच असतं. म्हणून आधी विचारा. कुटुंब नाही म्हणाले तर तो किबुत्झ माझ्या मते अर्ध्या किमतीचा.

जेवण आणि शब्बाथ. हे आपल्याकडच्या आईवडिलांना सगळ्यात जास्त लागतं आणि बरोबर लागतं. बहुतेक किबुत्झ धर्म न पाळणारे आहेत, शब्बाथला गाड्या फिरतात, जेवणात मांस आणि दूध वेगळं असेलच असं नाही. पेसाखच्या सणाला शेकडो माणसं एकत्र सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, बसतात, शावुओतच्या सणाला ट्रॅक्टर सजवून पहिलं पीक आणतात, बघायला फार सुंदर, पण आपल्यासारखा प्रार्थना म्हणणारा हजान आणि जेवणाआधीचा किद्दुशचा आशीर्वाद तिथे शोधू नका. घरात कोशर, म्हणजे खाण्याचे ज्यू नियम, कडक पाळत असाल तर धार्मिक किबुत्झच बघा, स्दे एलियाहू, लावी, तिरात त्स्वी अशी आहेत. स्दे एलियाहू बेत शानच्या खोऱ्यात, खजूर आणि सेंद्रिय शेती, उन्हाळा मात्र भयंकर. शहरात नात्यातलं घर असलं की हा प्रश्नच नाही, आपल्या लोकांचं सिनेगॉग, खिरीच्या सणाला खीर, सगळं आहे.

पैसे. नव्याने आलेल्याला सरकारकडून सल क्लिता, म्हणजे स्थिरावायला पैसे, मिळतात, थोडे विमानतळावर आणि बाकीचे पहिल्या सहा महिन्यांत हप्त्याने. शहरात भाड्याने राहिलात तर ते भाड्यातच जातं. नातेवाईकांकडे वाचतं, पण मग त्यांच्या घरात तुमची एक खाट वाढते, हे पण धरा. किबुत्झवर खर्च कमी, फक्त नोंदणीची फी आणि बाकी काय भरायचं ते लेखी घ्या.

लोकांना वाटतं किबुत्झवर सगळं सगळ्यांचं. १९१० मध्ये देगानिया झालं तेव्हा तसंच होतं, १९८० च्या दशकात कर्जाचं मोठं संकट आलं आणि त्यानंतर बहुतेक किबुत्झांनी वेगवेगळे पगार, स्वतःची घरं असं सुरू केलं. डायनिंग हॉल बऱ्याच ठिकाणी फक्त दुपारी चालतो. आणि उल्पान संपलं की खोली सोडावी लागते, सदस्यत्व असं सहज मिळत नाही, त्यासाठी उमेदवारीचा काळ आणि मतदान असतं. माझी खरी धांदल सहाव्या महिन्यात झाली, हातात दोन बॅगा आणि कुठे जायचं माहीत नाही, शेवटी अश्दोदच्या आत्याकडेच गेले. म्हणजे बघा, नातेवाईक लागतातच, पण हिब्रू येत असताना त्यांच्याकडे जाणं वेगळं.

सैन्याचं नीट समजून घ्या. नागरिक झालात की वय बघून सेवा लागू होते, येताना वय किती त्यावर किती महिने ते ठरतं. गारिनमध्ये जायचं तर लढाऊ तुकडीची स्वप्नं बघण्याआधी घरच्यांशी शांतपणे बोला. मावशीच्या नातवाला शनिवारी धुतलेले युनिफॉर्म आणि गरम जेवण किबुत्झवर मिळायचं, एकट्या सैनिकाला याचं मोल काय ते त्यालाच विचारा, पण त्याच्या आईची दोन वर्षं कशी गेली ते मी पाहिलंय. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला बेएरी, निर ओझ, क्फार अझा या किबुत्झांवर जे झालं त्यानंतर सीमेजवळचं ठिकाण निवडताना ममाद, म्हणजे सुरक्षित खोली, कुठे आहे आणि किती अंतरावर, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

भारताचं नागरिकत्व पण लक्षात ठेवा, आपल्याकडे दुहेरी चालत नाही. इस्रायली झालात की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि मग ओसीआय कार्ड काढता येतं. म्हणून मन ठाम नसेल तर आलिया न करता आधी 'मासा' (Masa) या इस्रायली संस्थेच्या एखाद्या कार्यक्रमातून काही महिने राहून बघा.

रंगावरून काही होतं का, हे पण त्या मुलीने हळूच विचारलं. १९५२ मध्ये आपली काही माणसं भेदभावाला कंटाळून मागणी करून भारतात परत गेली होती, आणि १९६४ पर्यंत तर लग्नासाठी आपण पुरते ज्यू आहोत का यावर वाद चालला होता. आज तसं नाही, पण "तू खरंच ज्यू आहेस? इंडियन?" हे डायनिंग हॉलमध्ये ऐकावं लागतं. नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले ती गोष्ट, तेल गाळणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून शनिवार तेली, हे सगळं हिब्रूत चार वाक्यांत सांगता यावं एवढं पाठ करून या.

ठाण्याच्या मुलीला मी किबुत्झ उल्पानच सांगितलं, घरात कोशर आहे म्हणून धार्मिक किबुत्झ, आणि अश्दोदच्या मामांना आधीच सांगून ठेवायचं की सहाव्या महिन्यापासून मी तुमच्याकडे. तिचा भाऊ १८ चा आहे, त्याला सैन्यात जायचंच आहे, तो गारिनला जाऊ दे, पण आधी इथे हिब्रूचा एक कोर्स करून. आणि तिच्या काकांसारखे चाळिशीचे, हातात इलेक्ट्रिशियनचं काम, बायकोमुलं सोबत, त्यांनी सरळ नात्यातल्या माणसांजवळ घर बघावं. तिने शेवटी विचारलं, बॅगेत काय आणू? म्हटलं कपड्यांवर लाँड्रीचा नंबर शिवावा लागतो, सुईदोरा आण, आणि पोहे आण दोन किलो.