‘नांगर’ लिहिण्याआधी जँगो वापरून पाहिलं

आमचं दोघांचं सॉफ्टवेअरचं दुकान. प्रोग्रॅमिंगच्या भाषांत मी पायथनवाला, भागीदार पीएचपीवाला. तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयाचं काम आलं आणि मला स्वतःचं वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारायचा तयार सांगाडा, लिहायची हुक्की आली. ‘नांगर’ हे नाव ठरलं, कोडची एक ओळ लिहायच्या आत लोगोही झाला. भागीदार म्हणाला, “अरे, आधी आहेत ती तरी बघ की.” मग फ्लास्क, रेल्स, लाराव्हेल आणि जँगो या चार तयार फ्रेमवर्कांना एकाच कामावर जोखायचं ठरवलं: दाखल क्रमांकासह पुस्तकाची नोंद, सभासदाची वर्गणी आणि अनामत, देवघेव, आणि मुदत टळलेल्या पुस्तकांची यादी.

फ्लास्क २०१० साली एप्रिल फूलच्या थट्टेतून जन्मलं, आणि ते हलकंफुलकं आहेही. पहिलं पान दहा मिनिटांत उभं राहिलं. पण लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणारा थर, सगळं ज्याचं त्याने आणायचं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी मागच्या दाराने ‘नांगर’च लिहितोय. रेल्स मला आवडलं असतं, पण त्याची भाषा रूबी, ती आम्हा दोघांनाही येत नाही. लाराव्हेल पीएचपीतलं, म्हणजे भागीदाराच्या हातचं, त्याच्यावर त्यानेच लिहावं.

राहिलं जँगो. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचं दैनिक आहे. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये तिथे हे लिहायला घेतलं, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्राच्या घाईत, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसांना मजकूर भरता यायला हवा होता. त्याचा ठसा ‘अ‍ॅडमिन’वर, म्हणजे माहिती भरायच्या तयार पानांवर, स्पष्ट दिसतो. पुस्तकाला कोणते रकाने आहेत ते एकदा सांगितलं की भरायचे फॉर्म, यादी, शोध, गाळण्या, सगळं थोड्या ओळींत तयार. ग्रंथपाल बाईंनी माझ्या मदतीशिवाय एका दुपारी चाळीस पुस्तकं चढवली. ‘सेव्ह अँड अ‍ॅड अनदर’ ही कळ त्यांना एवढी आवडली की जुन्या सॉफ्टवेअरात ती का नव्हती, असं मलाच विचारलं. जणू तेही मीच केलं होतं!

पासवर्ड हॅश करून, म्हणजे परत वाचता येणार नाही असा बदलून ठेवणं, बनावट विनंत्या अडवायला फॉर्मला गुप्त टोकन लावणं, पानावर येणारा मजकूर निर्धोक करणं, हे सगळं न मागता मिळतं. यातलं काहीही मी पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं असतं असं म्हणवत नाही.

एक ठेच मात्र लागली, आणि ती माझ्याच आळसाने. सभासद क्रमांकाने लॉगिन हवं असेल तर स्वतःचं युजर मॉडेल (वापरणाऱ्याच्या नोंदीचा आराखडा) प्रकल्पाच्या सुरुवातीलाच मांडा, असं दस्तऐवजात ठळक सांगितलंय. मी ते वाचलं डेटाबेस तयार झाल्यावर. सगळं पुसून पुन्हा मांडलं, बाईंची चाळीस पुस्तकं मी रात्री बसून स्वतः भरली.

आता मराठीचं. लाखाचा स्वल्पविराम, म्हणजे १,२५,०००, सेटिंगमधून लावायची सोय आहे. पण पानाच्या वेब-पत्त्यासाठी शीर्षकाचा स्लग, म्हणजे पत्त्यात बसणारं रूप, करणारं फंक्शन युनिकोडचा (इंग्रजीबाहेरच्या लिप्यांचा) पर्याय चालू करूनही काना-मात्रा खातं. ‘पुस्तक’चं ‘पसतक’ होतं, ‘माझी शाळा’चं ‘मझ-शळ’. दोष खरा पायथनच्या रेजेक्सचा, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या यंत्रणेचा. काना, वेलांटी, हलन्त यांना ते शब्दाचा भाग मानतच नाही. जँगोने ते तसंच उचललंय, आणि आपल्याकडच्या कुणालाही हे पहिल्याच दिवशी दिसेल.

दुसरं, ‘साताऱ्याचा’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच. पुस्तक एका तऱ्हेने चढवलेलं, शोध दुसऱ्या तऱ्हेने, उत्तर शून्य. जँगोला याचा पत्ता नाही, आणि तसा असावा अशी अपेक्षाही नाही.

तेव्हा ‘नांगर’ म्हणून मी खरोखर जे लिहिलं ती साठेक ओळींची एक फाइल आहे: मराठी स्लग, आणि साठवताना व शोधताना ‘ऱ्य’चं एकच रूप करणं. बाकी सगळं जँगो ५.२. ही दीर्घ आधाराची आवृत्ती आहे, तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार. वाचनालयाच्या कार्यकारिणीला तेवढं लेखी दिलंय, आणि त्यानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे पडतील हेही.