जुना पेट्रोल पंप: पावडर कोटिंग की पीयू?
भंगारातून उचललेला जुना पेट्रोल पंप आमच्या म्हापशाच्या पडवीत उभा आहे. त्याला रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न. पावडर कोटिंग म्हणजे कोरडी रंगभुकटी फवारून भट्टीत वितळवलेला थर. टणक, ओघळ नाहीत. पण भट्टी सुमारे २०० अंश सेल्सिअसची. काच, रबर, आकडेयंत्र सगळं आधी उतरवा. पोचे साध्या पुट्टीने भरले असतील तर ती तापून सुटते. शिवाय गोव्याची खारी हवा: एक टवका उडाला की गंज कोटिंगखाली सरपटत जातो, आणि तेवढाच भाग पुन्हा भट्टीत घालता येत नाही.

टू-पॅक पीयू म्हणजे हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव्य) मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग. त्याला एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारं अस्तर) आणि धीर हवा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यामुळे नाकाला रुमाल बांधून भागत नाही. पण टवका घरीच बुजवता येतो. म्हणून मी पीयूच निवडला. पावसाळ्यात मात्र नको, दमट हवेत चकाकी मरते. दिवाळीत नरकासुर जळाल्यावरच डबा उघडा.