लेस्वोसला पक्षी बघायला: गाईड, मुक्काम आणि खर्चाचा हिशेब

रंकाळ्यावर सकाळी भेटणारे चार-पाच जण गेले काही महिने एकच विचारताहेत, "ग्रीसला जाऊन आलात, कसं झालं ते लिहा की एकदा." म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गेल्या एप्रिलच्या अखेरीस मी आणि माझ्या नणंदबाई, आम्ही दोघीच ग्रीसच्या लेस्वोस बेटावर आठ रात्री राहून आलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पक्षी बघायला लागून वीस वर्षं झाली. वन्संना पक्ष्यांचा नाद नव्हता, त्या माझ्या सोबतीला आल्या होत्या. सहा दिवस आम्ही तिथलाच एक पक्षी-गाईड घेतला होता. मुख्यतः त्याच्याविषयी लिहिते, कारण सहल उभी राहिली ती त्याच्यामुळे.

पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते. पण पहिला दिवस बहुतेक वाया गेला आणि राहायच्या जागेबद्दल माझी एक तक्रार आहे. तेही येईलच पुढे.

लेस्वोसच का? आफ्रिकेत हिवाळा काढलेले पक्षी वसंतात युरोपकडे निघतात, तेव्हा त्यांना सहारा आणि त्यापाठोपाठ समुद्र ओलांडावा लागतो. दमलेभागलेले पक्षी बेटांवर उतरतात, पोट भरतात, पुढे जातात. लेस्वोस तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे, सगळ्यात जवळच्या ठिकाणी अंतर जेमतेम दहा किलोमीटर. त्यामुळे एरवी तुर्कस्तानच्या बाजूला दिसणारे पक्षीही इथे घरटी करतात. बेटाच्या मधोमध कल्लोनीचं आखात आत शिरलंय, त्याच्या टोकाला मिठागरं, गोड्या पाण्याचे ओढे आणि कुरणं. वर पाइनची जंगलं, पश्चिमेला उघडेबोडके डोंगर. आजवर तीनशेहून जास्त जातींची नोंद या बेटावर झालेली आहे. एका जागी मुक्काम ठेवून हे सगळं बघता येतं. आमच्या वयाच्या माणसांना रोज बॅगा भरणं नको असतं, म्हणून मला हेच बेट बरं वाटलं.

जाण्याचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतोच. पेन्शनची स्टेटमेंटं, मुक्कामाचं बुकिंग, परतीचं तिकीट, सगळं फाईल करून मुंबईला गेलो आणि काम एका फेरीत झालं. मुंबईहून वाटेत विमान बदलून अथेन्स, तिथून विमानाने तासाभराच्या आत मितिलिनी हे बेटावरचं मुख्य शहर, आणि पुढे चाळीसेक किलोमीटरवर स्काला कल्लोनी हे आमचं मुक्कामाचं गाव.

आता गाईड. पन्नाशीचा माणूस, जन्म याच बेटावरचा, घरची ऑलिव्हची झाडं. इंग्रजी साधं आणि स्पष्ट, त्यामुळे वन्संनाही कळत होतं. दोघींचे मिळून दिवसाला १६० युरो, त्यात त्याची गाडी, पेट्रोल आणि टेलिस्कोप आला. जेवण आपलं आपण.

पहिल्या दिवशी त्याने आम्हाला सात ठिकाणी पळवलं. गाडी थांबायची, तो बोट दाखवायचा, नाव सांगायचा, मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पुढच्या पक्ष्याचं नाव यायचं. संध्याकाळी वहीत सत्तरच्या वर नावं झाली होती. त्यातले नीट बघितलेले पक्षी दहासुद्धा नव्हते. वन्सं तर दिवसभर गाडीत चढून-उतरून गुडघा धरून बसल्या. रात्री मी त्याला सरळ सांगितलं, आम्हाला यादी नको, आम्हाला बसून बघायचंय. वाईट वाटेल की काय अशी धाकधूक होती. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला की येणारे बहुतेक जण आकडाच मागतात, म्हणून त्याला तीच सवय लागली आहे. आणि मग एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो ते थेट मिठागरांवर. मिठागरांच्या आत सोडत नाहीत, पण कडेने रस्ता आहे आणि मध्ये पाण्याचा चर. त्याने गाडीतून घडीच्या दोन खुर्च्या काढल्या, टेलिस्कोप वन्संच्या उंचीला लावला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. तीन तास आम्ही तिथून हललो नाही.

समोर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा. रोहित बघायला आपण भिगवणला जातो, होडीतून. तिथेही छान दिसतात. इथे ते माना खाली घालून, पाय आपटत, चिखल ढवळत आमच्याकडेच सरकत होते, आणि वारा पडला की त्यांच्या चोचीतून पाणी गाळल्याचा बारीक आवाज येत होता. अलीकडे उचाट्यांची जोडी. वर वळलेली ती बारीक चोच पाण्यात डावी-उजवी अशी फिरत होती, विळ्याने गवत कापावं तशी. चक्रवाकांची जोडी बांधावर. मग एक शेकाट्या लाल पाय लोंबकळवत डोक्यावरून ओरडत गेला, आणि टेलिस्कोपला डोळा लावून बसलेल्या वन्सं एकदम म्हणाल्या, "वहिनी, हा तर आपल्या कळंब्याचाच!"

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओळखलेला पक्षी. मी बघतच राहिले. कळंबा तलावाच्या काठाने त्या रोज चालायला जातात, इतकी वर्षं हा पक्षी त्यांच्या डोळ्यांसमोर होता, नाव मात्र कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसानंतर टेलिस्कोपवर माझा नंबर दुसरा लागायचा.

त्याच सकाळी रफ नावाचे चिखलपक्षी दिसले. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा रफ करड्या-तपकिरी रंगाचा, चिखलात चाळीस जणांत उभा असला तर नजर पुढे जावी असा. इथले नर विणीच्या पेहरावात होते. मानेभोवती फुलवलेल्या पिसांची झालर, एकाची काळी, दुसऱ्याची विटकरी, तिसऱ्याची जवळजवळ पांढरी. एका जातीत दोन नर सारखे नाहीत. शाळेत पोरांना स्थलांतर शिकवताना मी नकाशावर बाण काढत असे. हिवाळी पाहुणे म्हणताना त्यांचं घर कसं असेल, घरी ते कसे दिसत असतील, हे मीही कधी पाहिलेलं नव्हतं. लेस्वोसवर सगळ्यात जास्त मिळालं ते हेच.

तिसऱ्या दिवशी आखलादेरीचं पाइनचं जंगल. इथे क्रूपरची शिलिंध्री असते. ग्रीसमध्ये हा पक्षी फक्त याच बेटावर सापडतो. वाळलेल्या पाइनच्या खोडात भोक पाडून घरटं करते. पुढचं डोकं काळं, छातीवर विटकरी ठिपका, आकार चिमणीहूनही लहान. दाजीपूरला झाडाच्या बुंध्यावर खाली डोकं करून चालणारी निळी शिलिंध्री बघितलेल्यांना चाल लगेच ओळखू येईल. गाईडची मला सगळ्यात भावलेली गोष्ट इथली. शेजारच्या एका गटातला माणूस मोबाईलवर त्या पक्ष्याचा आवाज वाजवत होता. आमचा गाईड त्याच्याकडे गेला, हळू आवाजात काहीतरी बोलला, आवाज बंद झाला. आम्हाला त्याने घरट्यापासून चांगलं लांब बसवलं आणि म्हणाला, ती येईल, तिच्या वेळेने. चाळीस मिनिटं लागली. आली, चोचीत अळी होती, भोकात शिरली, बाहेर पडली, गेली. राधानगरीत काय किंवा आणखी कुठे काय, आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांना मी स्वतः टोकलेलं आहे आणि दरवेळी शब्दाला शब्द वाढलाय. याचं ऐकतात, कारण पक्षी कुठे येईल हे त्याला माहीत असतं.

पश्चिमेकडचा दिवस लांबचा आहे. इप्सिलूचा मठ डोंगराच्या माथ्यावर, आजूबाजूला झाडं नावाला. याच बाजूला सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं जाऊन दगड झालेलं जंगल आहे, तेही बघून घ्यावं. मठाच्या उतारावर राखी भारीट नावाचा छोटा पक्षी गातो. त्याच्यासाठी युरोपभरातून लोक येतात. दिसला, चांगला दिसला. पण चढ आहे, ऊन लागतं, वन्संनी मठाच्या सावलीतच बसणं पसंत केलं. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हा दिवस गाळला तरी चालेल.

मला सांगायचा आहे तो १ मेचा दिवस. त्या दिवशी तिथे घराघरांच्या दारावर रानफुलांची गोल तोरणं लावतात, गाडीच्या पुढच्या जाळीलासुद्धा. आम्ही नापीच्या खोऱ्यात गेलो. ऑलिव्हची झाडं, मधे गव्हाची छोटी शेतं, दगडी कुंपणं. कुंपणाच्या तारेवर एक पक्षी बसला होता. काळं कुळकुळीत डोकं, खालून पिवळाधमक, पाठ तांबूस. काळ्या डोक्याचा भारीट. आपल्याकडे शिरोळ-हातकणंगल्याच्या शाळूत हिवाळ्यात थव्याने उतरतो तोच. तिथे राखणदार माळ्यावरून गोफण फिरवतो आणि अख्खा थवा उठून पलीकडच्या बांधावर बसतो. मी या भारीटांना शेकड्यांनी बघितलंय, गाताना मात्र एकदाही ऐकलं नव्हतं. तो गात होता. आधी दोन-तीन तुटक, कोरडे स्वर, मग भरभर एकात एक गुंतलेली छोटी तान, थांबायचं, मान वळवायची, पुन्हा तेच. गळ्याची पिवळी पिसं प्रत्येक तानेला थरथरत होती. वीस पावलांवर होता. मी दुर्बीण खाली घेतली आणि नुसती ऐकत राहिले.

युरोपातले बहुतेक स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. हा त्यातला नाही. हा पूर्वेकडे वळतो आणि भारतात येतो. मी गाईडला म्हटलं, हा थंडीत माझ्या गावच्या शेतात असतो. त्याने पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या शेतातून आलेलं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. ऑगस्टमध्ये हे निघून जातात, पुढचं मी कधी बघितलेलं नाही, असं तो म्हणाला. मग तारेवरच्या त्या पक्ष्याकडे बघत आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आता तक्रार. आम्ही राहिलो ते छोटं हॉटेल समुद्राजवळ होतं, खोली स्वच्छ, रात्रीचे ६० युरो. बुकिंग करताना मी दोनदा लिहून विचारलं होतं की पहाटे निघणाऱ्यांसाठी न्याहारीची सोय आहे का, आणि दोन्ही वेळा होकार आला होता. प्रत्यक्षात न्याहारी आठनंतर. सहाला निघणाऱ्याला साधा चहासुद्धा नाही. पैसे मात्र न्याहारीसकट घेतले. पक्षी बघणाऱ्यांचा राबता असलेल्या गावात हे बरोबर नाही. तिसऱ्या दिवसापासून आम्ही आदल्या रात्री बेकरीतून पाव आणि चीज आणून ठेवू लागलो, सोबत जयसिंगपूरचं भडंग होतंच. तुम्ही गेलात तर न्याहारीशिवायची खोली घ्या.

जेवणाची चिंता करू नका. आखातातले छोटे सार्डिन मासे प्रसिद्ध आहेत, मी रोज खाल्ले. वन्सं शाकाहारी, त्यांचंही काही अडलं नाही. पालेभाज्या उकडून ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून देतात, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ असते, आणि दुधीसारख्या एका भाजीची फुलं भात भरून शिजवतात, ती वन्संनी तीनदा मागवली. तिखट मात्र नाही म्हणजे नाहीच. चटणीची डबी न्या.

हिशेब असा: गाईडचे ९६० युरो, हॉटेलचे ४८०, दोघींचा व्हिसा १८०, जेवणखाण दिवसाला दोघींत ४० च्या आसपास. सगळ्यात मोठा खर्च विमानाचा, तो तुम्ही तिकीट कधी काढता त्यावर आहे. परतताना आम्ही मितिलिनीहून पिरियस या अथेन्सच्या बंदरापर्यंत रात्रभराची बोट घेतली. संध्याकाळी डेकवरून लाटांना जवळजवळ पंख टेकवत जाणारे शिअरवॉटर हे समुद्रपक्षी दिसले. त्यासाठी ती बोट घ्याच.

आठ गुणिले बेचाळीसची दुर्बीण पुरते, गाईडचा टेलिस्कोप असतोच. कॅमेऱ्यावाल्यांनी आधी त्याच्याशी बोलून घ्यावं, घरट्यांच्या जवळ तो जाऊ देत नाही. एप्रिलचे शेवटचे दिवस आणि मेचे पहिले गाठायचे असतील तर त्याला जानेवारीतच कळवा. आणि पहिल्याच संध्याकाळी त्याला सांगा की तुम्हाला कसं बघायचं आहे.

नोव्हेंबरात मी आणि वन्सं शिरोळच्या बाजूला गेलो होतो. शाळू गुडघ्याच्या वर आला होता. बांधावरच्या बाभळीवर भारीटांचा थवा बसला होता, ऐंशीएक तरी असतील. मी व्हिडिओ काढला, वन्संनी मोजले, आणि तो तिथूनच गाईडला पाठवला. रात्री त्याचं उत्तर आलं. आधी नुसतं "माझे पक्षी" एवढंच. मग थोड्या वेळाने विचारलं, हे पीक कुठलं? मी लिहिलं, शाळू. त्याला तो शब्द आवाजात हवा होता, म्हणून वन्संनी म्हणून पाठवला.